डोंगरवाटांची राखण

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी खापर हे गाव आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हा मोठा रस्ता ह्या गावावरून जातो. पश्चिमेस थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द लागते व पुढे सागबारा आणि देडियापाडा ही गावे येतात. उत्तरेकडे डोंगरांच्या रांगा एकीमागून एक चढत जातात. त्यांत मोलगी, काठी, डाब ही गावे आहेत, आणि सर्वांच्या पलीकडे खोल दरीतून नर्मदा वाहते. खापरवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचा इतिहास कोणास लिहावयाचा झाला, तर नकाशे, अंदाजपत्रके, कंत्राटे अशी साधने त्याला हाताशी मिळतील. परंतु डोंगरातील पाड्यांवरून सपाटीकडे उतरणाऱ्या पायवाटांची नोंद दप्तरांत क्वचितच सापडते. त्या कोणी पाडल्या हे जसे लिहिलेले नाही, तसेच त्या कोणी राखल्या हेही लिहिलेले नाही.

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. वाट एकदा पडली म्हणजे काम संपले, असे सपाटीवर राहणाऱ्यास वाटते. डोंगरात तसे नसते. तेथे वाट दर पावसाळ्यात मोडते आणि दर वर्षी नव्याने करावी लागते. म्हणून डोंगरवाटेचा इतिहास हा वस्तुतः तिच्या डागडुजीचा इतिहास होय. आणि डागडुजीसाठी वाकणारे हात कोणाचे, ते स्वखुशीने वाकले की कोणी वाकविले, ह्या प्रश्नात एका प्रदेशाच्या राजकारणाचा बराचसा भाग सामावलेला असतो.

वाटेचा खरा शत्रू पाणी. सातपुड्याच्या ह्या भागातला दगड काळा बेसाल्ट, त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डोंगरावरचे पाणी खाली उतरण्यास सोपा मार्ग शोधते, आणि माणसांच्या व गुरांच्या पायांनी घट्ट झालेली, किंचित खोलगट वाट त्याला आयतीच सापडते. पाणी वाटेवरून वाहू लागले की माती जाते, मग मुरूम जातो, आणि शेवटी उघड्या दगडांची एक ओहळवजा घळ शिल्लक राहते. मग चालणारा बाजूने चालू लागतो, तिथे दुसरी वाट पडते, आणि पुढच्या पावसात तीही पहिलीच्या मार्गाने जाते. एका वाटेच्या जागी अशा चार घळी झालेल्या डोंगरउतारावर पुष्कळ ठिकाणी दिसतात.

ह्यावर उपाय अवघड नाहीत, पण ते वेळेवर करावे लागतात. वाटेला दरीच्या बाजूस थोडा कल ठेवावा, म्हणजे पाणी तिच्यावर न थांबता आडवे निघून जाते. ठरावीक अंतरावर दगडांची तिरपी ओळ बसवून पाणी बाहेर काढावे. जेथे चढ फार आहे, तेथे वाट सरळ न नेता वळणे देत न्यावी. मोरी किंवा चर गाळाने बुजली असेल तर पावसापूर्वी ती मोकळी करावी, वाकलेल्या फांद्या छाटाव्यात, घसरलेला दगड पहारीने पुन्हा बसवावा. ह्या कामास टिकाव, पहार, फावडे, घमेले आणि कोयता एवढी हत्यारे पुरतात. पैशापेक्षा अधिक लागतात ती वाट ओळखणारी माणसे. पाणी कोठे फुटते हे त्या वाटेने पावसात चालणाऱ्याला जसे ठाऊक असते, तसे ते नकाशावरून कळत नाही.

जुन्या काळी मोठ्या घाटवाटांची राखण हा राज्याच्या उत्पन्नाचा भाग होता. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे लेणे व ब्राह्मी शिलालेख आहेत, आणि घाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. तो जकातीचा रांजण म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या घाटातून व्यापार चाले, त्या घाटावर जकात बसे, आणि जकात हवी तर घाट चालता ठेवावा लागे. मराठी मुलखात आढळणारे ‘घाटपांडे’ हे आडनाव अशाच घाटावरील वतनदार हुद्द्याची आठवण देते. ह्याच्या उलट व्यवस्था डोंगरी किल्ल्यांची होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात किल्ल्याची वाट सुगम नसावी, असा स्पष्ट विचार मांडला आहे. म्हणजे वाट राखणे जसे राजकार्य होते, तसेच ती अवघड ठेवणे हेही राजकार्यच होते. कोणती वाट मोकळी ठेवावयाची आणि कोणती मोडावयाची, ह्याचा निर्णय तीवरून रोज चालणाऱ्याच्या हातात नव्हता.

खानदेशात हेच दिसते. सुरत-बऱ्हाणपूर ह्या मोगलकालीन व्यापारी मार्गाने १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नंदुरबारवरून गेला. तो मार्ग तापीच्या खोऱ्यातला; त्यावर सराया होत्या, पहारे होते, जकात होती. उत्तरेच्या सातपुड्यातील वाटांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले ते बहुधा संशयाने. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा डोंगरातील खिंडी रोखून धरणे हा त्यांच्या धोरणाचा मुख्य भाग होता. १८२५ साली जेम्स आउट्रॅम ह्या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली आणि ज्यांच्या वाटा होत्या त्यांच्याचपैकी काहींना त्या वाटांवर पहाऱ्यास बसविले. अक्कलकुवा-तळोदे भागात काठी, गव्हाळी, चिखली, सिंगपूर इत्यादी मेवासी जहागिरी होत्या. त्यांच्या प्रमुखांवरही आपापल्या हद्दीतील शांततेची जबाबदारी टाकण्यात आली.

पहारेकऱ्याच्या ह्या पेशातूनच एक बंडही निघाले. मुंबई-आग्रा रस्ता सातपुडा ओलांडतो तो सेंधव्याच्या घाटात. तेथील पहारा काही काळ खाज्या नाईक ह्यांच्याकडे होता. १८५७ च्या उठावात तेच खाज्या नाईक सरकारविरुद्ध उभे राहिले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची व इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. ज्याला घाटातील प्रत्येक वळण ठाऊक, तोच घाट राखू शकतो आणि तोच तो अडवूही शकतो. ही गोष्ट सरकारने ध्यानात घेतली. आणि पुढील काळात वाटेचे ज्ञान असणाऱ्या माणसापेक्षा हुकमाप्रमाणे राबणाऱ्या माणसाला अधिक मागणी आली.

ह्या राबण्याचे जुने नाव वेठ. मराठी कागदपत्रांत ‘वेठबेगार’ हा शब्द वारंवार येतो. अंमलदाराचे सामान वाहणे, त्याच्या मुक्कामासाठी लाकूड-गवत आणणे, त्याच्या घोड्यासाठी वाट साफ करणे, ही कामे गावावर लादली जात; मोबदला मिळाला तर नाममात्र, पुष्कळदा तोही नाही. वेठ ही केवळ हिंदुस्थानची रीत नव्हे. इंग्लंडात १५५५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यातील रहिवाशांवर रस्त्यांसाठी वर्षातून चार दिवस फुकट काम करण्याची सक्ती झाली. थोड्याच वर्षांत चाराचे सहा दिवस झाले, आणि ही सक्ती १८३५ पर्यंत कायद्यात राहिली. फ्रान्समध्ये राजमार्गांसाठी शेतकऱ्यांना अशीच वेठ करावी लागे. तुर्गो हा मंत्री आधी एका प्रांताचा कारभारी होता, आणि तेथेच त्याच्या ध्यानात आले होते की फुकटची मजुरी सर्वांत महाग पडते. माणूस येतो, दिवस भरतो आणि जातो. रस्ता मात्र होतो तसाच राहतो. मंत्री झाल्यावर १७७६ साली त्याने वेठ रद्द केली. त्याच वर्षी तो पदच्युत झाला आणि वेठ परत आली. पुढे क्रांतीच्या सुमारास ती गेली.

हिमालयात वेठीचा संबंध थेट डोंगरवाटांशी होता. कुमाऊंत साहेबांच्या स्वाऱ्यांचे सामान वाहण्यासाठी गावोगाव कुली-बेगारीची वही ठेवलेली असे. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे ह्यांच्या नेतृत्वाखाली, गावकऱ्यांनी ह्या वह्या सरयूच्या पात्रात टाकून दिल्या. सातपुड्याच्या उत्तरेस, गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील भिल्ल मुलखातही बेगार हे असंतोषाचे एक प्रमुख कारण होते. गोविंद गुरूंच्या अनुयायांवर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगडच्या टेकडीवर गोळीबार झाला, आणि १९२१-२२ मध्ये मोतीलाल तेजावत ह्यांच्या एकी चळवळीने तीच तक्रार पुन्हा मांडली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अनुच्छेद २३ अन्वये बेगारीस मनाई केली. त्या अनुच्छेदामागे डोंगरात ओझी वाहिलेल्या पिढ्यांचा इतिहास आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वेठीने रस्ते झाले, पण ते राखले गेले नाहीत, ह्याचे कारण उघड आहे. हुकूम दिलेल्या दिवशी माणूस येतो. पहिल्या सरीत चर तुंबली, तर ती मोकळी करण्यास कोणी हुकूम देत नाही, आणि हुकमावाचून तो येत नाही. राखणीचे काम असे आहे की ते सांगण्यापूर्वीच करावे लागते.

ह्या राखणीस अनुकूल अशी एक रीत सातपुड्यात व नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील भिल्ल, भिलाला व पावरा वस्त्यांत चालत आली आहे. तिचे नाव लाह. एखाद्या कुटुंबास घर उभारावयाचे असेल किंवा शेतातले काम एका घराच्या हातांना न आटपणारे असेल, तर ते कुटुंब लाह बोलावते. पाड्यावरची माणसे येतात, दिवसभर काम करतात. घरधनी त्यांना जेवू घालतो. मजुरी दिली जात नाही, मागितलीही जात नाही. उद्या दुसऱ्याने बोलावले की त्याच्याकडे जावयाचे, एवढाच करार, आणि तोही न बोललेला. शेजारच्या झाबुआ भागात ‘हलमा’ नावाची अशीच प्रथा आहे. तीतूनच अलीकडच्या काळात झाबुआजवळील हाथीपावा टेकडीवर हजारो माणसांनी पाणी अडविण्यासाठी चर खोदले.

लाह आणि वेठ ह्यांत बाहेरून पाहणाऱ्यास फरक दिसणार नाही. दोन्हींत माणसे बिनमजुरीने राबतात, दोन्हींत हातात तीच कुदळ असते. फरक आहे तो हक्कात. लाहेत बोलावणारा आणि येणारा समान असतात. आज ज्याने बोलावले, तो उद्या दुसऱ्याच्या दारी राबतो. वेठीत बोलावणारा कधीच कुदळ उचलीत नाही. शिवाय लाहेला नाही म्हणता येते. नाही म्हणणाऱ्याची चर्चा होईल, त्याच्या घरी पुढे कमी माणसे येतील. पण त्याला कोणी चावडीवर नेणार नाही.

सामुदायिक श्रमाची ही सवय सातपुड्यातील मोठ्या उत्सवांतही दिसते. काठी येथील राजवाडी होळी फार प्रसिद्ध आहे; तिची परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. होळीसाठी लागणारा उंच बांबू माणसे दूरच्या जंगलातून खांद्यावर आणतात, आणि तो उभारण्याचे कामही सर्व मिळून हातांनीच करतात. त्या रात्री दूरदूरच्या पाड्यांवरून लोक डोंगर ओलांडून काठीस येतात. धडगाव भागातील अस्तंभ्याचा डोंगर सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. तेथे अश्वत्थाम्याचे स्थान मानतात, आणि दिवाळीच्या सुमारास खानदेश व गुजरातमधील तरुण मोठ्या संख्येने पायी यात्रा करतात. सागबाऱ्याजवळच्या देवमोगरा येथे याहामोगी मातेची महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि तिलाही डोंगरातून माणसे उतरतात. अशा यात्रांच्या वाटा चालण्यानेच अर्ध्या राखल्या जातात. ज्या वाटेने वर्षातून एकदा तरी समुदाय जातो, तिच्यावरचे झुडूप वाढत नाही, आणि पडलेले झाड कोणीतरी बाजूला ओढतोच.

मात्र वाट एकदा लोकांच्या हातून गेली, तर तिची राखणही थांबते. नर्मदेच्या परिक्रमेचा दक्षिण तटावरचा जुना मार्ग शूलपाणीच्या झाडीतून, नदीच्या काठाकाठाने जात असे. सरदार सरोवराच्या जलाशयात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीच्या परिसरातील शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले आणि गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. २०१७ साली धरण १३८.६८ मीटर उंचीवर पूर्ण झाले. काठावरच्या वाटा, नदी ओलांडण्याची ठिकाणे, एका गावाहून दुसऱ्या गावास नेणारे उतार, हे सारे त्या पाण्यात बुडाले. त्यामुळे पायी परिक्रमा करणारे अनेक जण आता प्रकाशा, तळोदे, अक्कलकुवा, खापर, सागबारा, देडियापाडा, राजपिपला असे सपाटीच्या रस्त्याने जातात. खापरच्या रस्त्यावरून जाणारी परिक्रमावाशांची पांढरी वस्त्रे ही एका बुडालेल्या पायवाटेची खूण आहे. जे पुनर्वसनासाठी सपाटीवर आले, त्यांच्यापाशी त्या वाटांचे ज्ञान होते; पण ज्या वाटेवर ते वापरावयाचे, ती वाटच उरली नाही.

स्वेच्छेने डोंगरवाट राखण्याचे जे मोठे प्रयोग परदेशांत झाले, त्यांचा विचार येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत बेंटन मॅकाय ह्या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली अपलाचियन पर्वतरांगेवरून जाणाऱ्या एका अखंड पायवाटेची कल्पना मांडली. १९३७ साली ती वाट पुरी झाली. सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची व १४ राज्यांतून जाणारी ही वाट आजही मुख्यतः सुमारे ३० स्वयंसेवी मंडळांच्या आधाराने टिकून आहे. प्रत्येक मंडळाने आपला तुकडा वाटून घेतला आहे, आणि त्या तुकड्यावरचा पडलेला वृक्ष किंवा तुंबलेली चर ही त्या मंडळाची जबाबदारी मानली जाते. वाटेला राष्ट्रीय दर्जा देणारा कायदा झाला तो १९६८ साली, म्हणजे लोकांनी ती तीस वर्षे चालवून दाखविल्यानंतर.

डोंगरातील सायकलस्वारीचा इतिहास अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे वाट बिघडविणारे आणि वाट राखणारे हात एकच होते. कॅलिफोर्नियातील टॅमालपायस पर्वताच्या परिसरात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. उतार असा की मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून जाई आणि दर खेपेस ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीचे ‘रीपॅक’ हे नाव पडले. दहा वर्षांत ह्या सायकली कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या, आणि पायी चालणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. चाके वाटेत चाकोरी पाडतात, चाकोरीतून पाणी वाहते, वाट मोडते, असा त्यांचा आक्षेप होता. पुष्कळ वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ साली सायकलस्वारांच्या काही मंडळांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. हक्क मागावयाचा तर आधी कुदळ उचलावी, हे त्या संघाच्या कार्याचे एक प्रमुख अंग झाले.

त्या कामातून वाट बांधण्याचे काही नियम रूढ झाले. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. सरासरी चढ शंभर फुटांस दहा फुटांच्या आत असावा. वाट चढता चढता अधूनमधून थोडी उतरावी, म्हणजे पाणी तेथेच तिला सोडून खाली जाते. ह्यांत सातपुड्यातील जाणत्या माणसास नवल वाटावे असे काही नाही. परंतु हे ज्ञान नियमांच्या रूपाने लिहिले गेल्यामुळे ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर नेता आले, हा फायदा मोठा आहे. स्वयंसेवेला उत्साहाबरोबर शास्त्रही लागते. महाराष्ट्रात गडकिल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या अनेक मंडळांनी पायऱ्या मोकळ्या केल्या, टाकी उपसली, वाटा दाखविणाऱ्या खुणा केल्या. २०२५ साली मराठा काळातील १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ह्या मंडळांना झालेला आनंद सार्थ होता. तथापि संरक्षित स्मारकात परवानगीवाचून हलविलेला एक दगडही पुराव्याचा नाश करू शकतो. म्हणून तेथे हाताइतकाच संयमही आवश्यक ठरतो.

आता पुन्हा खापरच्या उत्तरेकडील डोंगरात यावे. तेथील वाट ही हौसेची वाट नव्हे. पाडे विखुरलेले, घरे आपापल्या शेतात किंवा टेकाडावर. शाळा, दवाखाना आणि रेशनचे धान्य बहुधा खाली. पावसाळ्यात वाट मोडली, तर रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून चौघांनी खांद्यावर न्यावे लागते. २०२१ च्या सप्टेंबरात तळोदे-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक माणूस दवाखान्याकडे चालत निघाला. ती वाटेतच मरण पावली. ही बातमी त्या वेळी राज्यभर वाचली गेली. एका पडलेल्या दरडीचा अर्थ काय होतो, हे त्यावरून समजावे.

शासनाने ह्या कामासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. वि. स. पागे ह्यांच्या प्रयत्नांतून वाढलेल्या ह्या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. वेठीच्या इतिहासात ह्या योजनेचे महत्त्व फार मोठे आहे. ज्या हातांना पूर्वी हुकूम मिळे, त्यांना प्रथमच काम मागण्याचा हक्क मिळाला. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागांत २५० लोकवस्तीची मर्यादा धरून पक्के रस्ते देण्याचे ठरले, आणि बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची अट घातली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने, ग्रामसभेच्या शिफारशीनंतर, रस्त्यासारख्या सोयीसाठी प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरहून कमी वनजमीन देण्याची तरतूद केली. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटता कामा नयेत, असे बंधनही घातले. ह्या तरतुदीतली मोलाची गोष्ट म्हणजे ग्रामसभेला मिळालेला शब्द. वाट कोठून जावी, हे सांगण्याचा अधिकार प्रथमच तीवरून चालणाऱ्यांकडे आला.

परंतु रस्ता २५० वस्तीच्या गावाशी थांबतो. दहा घरांचा पाडा त्याच्याही पुढे दोन टेकड्यांवर असतो. तेथवर पायवाटच जाते, आणि ती पाड्यावरची माणसेच राखतात. वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘ग्रामस्थांनी श्रमदानातून रस्ता केला’ अशा मथळ्याची बातमी येते. शहरातील घरांत ती कौतुकाने वाचली जाते, आणि ते कौतुक अयोग्य नाही. गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमदानाचा महिमा सांगितला. श्रमाला प्रतिष्ठा देणारी ही परंपरा महाराष्ट्राचे भूषण आहे. पण कौतुकात एक धोकाही असतो. गाडगे महाराज स्वतः झाडीत, हे विसरून केवळ दुसऱ्याच्या झाडण्याची स्तुती केली, तर ती स्तुती हळूहळू अपेक्षा होते, आणि अपेक्षेचा हुकूम होण्यास फार काळ लागत नाही. ज्याच्या दारी डांबरी रस्ता सरकारी खर्चाने येतो, त्याने पाड्यावरच्या माणसास स्वावलंबनाचा उपदेश करावा, ह्यात जुन्या वेठीचाच अंश आहे. तिचे नाव तेवढे गोड झाले आहे.

म्हणून श्रमदानाची पारख करावयाची तर ती किती हात राबले ह्यावरून करू नये. राबणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती काय, आणि वाट कोठून न्यावी ह्याविषयी त्याचे मत विचारले गेले काय, हे पाहावे. जेथे ह्या दोन्ही गोष्टी आहेत, तेथे लाह आहे. तेथे शासनाने पहार, पाईप, सिमेंट आणि जाणता अभियंता पुरवावा, आणि लोकांनी आपले ज्ञान व हात द्यावेत. अपलाचियन वाटेचा तीस वर्षांनी झालेला कायदा हेच सांगतो की लोकांची स्वेच्छा आणि राज्याची जबाबदारी ह्या एकमेकींच्या जागी ठेवावयाच्या वस्तू नव्हेत. त्या एकमेकींच्या शेजारी ठेवावयाच्या आहेत. जेथे त्या दोन गोष्टी नाहीत, तेथे वही सरयूत बुडाली तरी वेठ शिल्लकच आहे.

खापरच्या उत्तरेस दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आकाश भरून येऊ लागते. पहिल्या सरीपूर्वी वाटेवरच्या चरी मोकळ्या झाल्या, तर पाणी आडवे निघून जाते आणि वाट दिवाळीपर्यंत टिकते. त्या चरी कोणीतरी न सांगता मोकळ्या करतो. त्याचे नाव इतिहासात येणार नाही. पण त्या वाटेने जाणारी झोळी वेळेवर खाली पोचली, तर त्याचे श्रेय त्याच्याकडेच जाते.